एकूण 15 की 30? नववीच्या वर्गातलं एक चुकलेलं उत्तर आणि 1983 चा एक अभ्यास

हे प्रकरण मुंबईच्या मध्य उपनगरातल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेतलं आहे. शाळा दोन अधिवेशनांत भरते आणि नववीच्या दोन्ही तुकड्या दुपारी असतात. संगणकाचा तास आठवड्यातून एकदा, पस्तीस मिनिटांचा. चपला बाहेर काढून मुलं आत येणार, यंत्रं सुरू होणार, कुठला तरी माउस चालत नसणार. हे सगळं वजा केलं की शिकवायला जेमतेम पंचवीस मिनिटं उरतात. एका यंत्रावर तीन मुलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आला, तेव्हापासून पालक विचारायला लागले. मग शाळेनेच नववीला पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचं ठरवलं.

शिकवणाऱ्या बाई मूळच्या विज्ञानाच्या. उपनगरांतल्या चार-पाच संगणक शिक्षकांचा आमचा एक गट आहे, महिन्यातल्या एका शनिवारी भेटतो, त्यात त्या येतात. मी आता वर्गात शिकवत नाही. गटासाठी इंग्रजी शोधनिबंध वाचायचे आणि त्यातलं कामाचं दोन पानांत मराठीत उतरवून आणायचं, हे माझ्याकडे. बाईंच्या वर्गात मागे बसायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली, म्हणून हे लिहिता येतंय.

बाईंची तक्रार साधी होती आणि गटातल्या सगळ्यांची तीच होती. मुलं प्रोग्राम फळ्यावरून वहीत उतरवतात, वहीतून यंत्रावर टाइप करतात, उत्तर आलं की बाई सही करतात. प्रात्यक्षिक परीक्षेत तोच प्रोग्राम आला तर पैकीच्या पैकी. त्यातल्या दोन ओळी बदलून विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

ही गोष्ट नववीपुरती किंवा मराठी शाळांपुरती नाही, हे गटाला आधी सांगावं असं मला वाटलं. 2001 मध्ये मायकल मॅक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या 216 विद्यार्थ्यांना एक प्रोग्राम लिहायला दिला होता. सगळे प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम केलेले. 110 पैकी सरासरी गुण पडले 22.89. तीन वर्षांनी रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांना लिहायला काहीच सांगितलं नाही. तयार प्रोग्राम वाचून उत्तर ओळखायला दिलं. तिथेही बरेच जण अडखळले. थोडक्यात, लिहिता न येण्याच्या आधी वाचता न येणं होतं. बाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण मुळाक्षरांच्या आधी निबंध घेतोय."

त्यातून ठरलं की आधी वाचायचं. यासाठी इंग्लंडमध्ये स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक क्रम बसवला आहे. प्रोग्राम काय करेल ते आधी ओळखायचं, मग तो चालवायचा, मग त्याची चिरफाड करायची, मग त्यात बदल करायचा, आणि शेवटी स्वतःचा लिहायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'प्रिम' म्हणतात. 2019 च्या त्यांच्या अभ्यासात 13 शाळांमधली 11 ते 14 वयाची 493 मुलं होती. या पद्धतीने शिकलेल्या मुलांनी नंतरच्या चाचणीत तुलनेच्या गटापेक्षा चांगली कामगिरी केली. आमच्या पाच पायऱ्यांपैकी शेवटची वर्षभरात एकदाही नीट झाली नाही, हे इथेच सांगतो. घटक चाचणी, गणपती, निवडणुकीची कामं यात तास जातात. प्रकरण घडलं ते पहिल्या पायरीवर.

चिठ्ठ्या

प्रोग्राम पाच ओळींचा होता. 9 मे 2025 पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 रुपये झालं. घराघरात त्याची चर्चा होती, म्हणून बाईंनी तेच घेतलं.

भाडे = 5
प्रवासी = 3
एकूण = भाडे * प्रवासी
भाडे = 10
प्रिंट(एकूण)

यंत्र बंद. शेवटच्या ओळीने पडद्यावर कोणता आकडा येईल, ते उत्तर प्रत्येकाने एकेका चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली एका ओळीत कारण. नाव नको, फक्त तुकडी. नाव न घेण्याचा आग्रह बाईंचाच होता. नाव आलं की मुलं शेजाऱ्याचं बघून लिहितात, हे त्यांना वीस वर्षांच्या शिकवण्यातून पक्कं माहीत होतं.

उत्तर 15 येतं. तिसऱ्या ओळीवर गुणाकार होऊन 15 हा आकडा 'एकूण'मध्ये ठेवला गेला. नंतर भाडं बदललं तरी आधीच ठेवलेल्या आकड्याला त्याची खबर नसते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर मात्र 30 होतं. कारणं अशी: "भाडं वाढलं म्हणून एकूण पण वाढणार." "शेवटचं भाडं 10 आहे." "10 गुणिले 3." काहींनी 45 लिहिलं होतं, म्हणजे 15 आणि 30 दोन्ही धरून. आणि थोड्या चिठ्ठ्यांवर आकडाच नव्हता, "भाडे * प्रवासी" असं जसंच्या तसं उतरवलेलं.

बाईंचा पहिला अंदाज असा की मुलांनी घाईत वाचलं. पुढच्या तासाला त्यांनी उत्तर सांगितलं, समजावलं, आकडे बदलून तोच प्रश्न पुन्हा दिला. 30 च्या जातीचं उत्तर पुन्हा तेवढंच आलं. मग त्या चिठ्ठ्या घरी घेऊन गेल्या आणि जेवणाच्या टेबलावर त्यांचे ढीग लावले. बरोबर-चूक असे दोन ढीग लावले नाहीत. कुठल्या समजुतीतून उत्तर आलं, त्याप्रमाणे चार-पाच ढीग लावले. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या एका संध्याकाळी झालं. पद्धतीचं नाव, टप्पे, तक्ते हे सगळं त्याच्या मागून येतं.

शनिवारी त्या ढीग घेऊन आल्या आणि मला विचारलं, "हे असं कुणी आधी पाहिलंय का?" गटात आजवर विचारलेले प्रश्न "चांगली पद्धत कोणती" या धाटणीचे असायचे. हा प्रश्न वेगळा होता आणि त्याला उत्तर होतं. पिराये बेमन आणि रिचर्ड मायर यांनी 1983 मध्ये बेसिक ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा नव्याने शिकलेल्या, कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एकेका ओळीवर यंत्र आत काय करतं ते स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं होतं. अनेकांना वाटत होतं की यंत्र समीकरणच साठवून ठेवतं. "भाडे * प्रवासी" लिहिलेला बाईंचा छोटा ढीग आणि कॅलिफोर्नियातली ती उत्तरं शेजारी ठेवली तर समजूत एकच. यंत्र समीकरण जपून ठेवतं असं एकदा धरलं की 30 हे उत्तरही चोख तर्काने येतं.

बाईंचा चेहरा तेव्हा बदलला तो मी पाहिला. चाळीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशात, वयाने मोठ्या मुलांनी हीच चूक केली होती. म्हणजे हे नववी 'ब' चं दुर्लक्ष नव्हतं आणि शिकवण्यातला हलगर्जीपणाही नव्हता. मुलं विचार करत होती, फक्त वेगळ्या यंत्राचा विचार करत होती.

एक्सेल

कुठल्या यंत्राचा, ते एका मुलीनेच सांगितलं. पुढच्या तासाला बाईंनी 30 वाल्यांना आपली बाजू मांडायला सांगितलं आणि 15 वाल्यांना ऐकायला. खिडकीजवळची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, एक्सेलमध्ये तर आपोआप बदलतं. आपण आठवीत केलं होतं ना, मार्क बदलले की बेरीज बदलायची."

अगदी खरं. आठवीत याच लॅबमध्ये, याच बाईंकडे मुलांनी गुणपत्रिका बनवली होती. एक्सेलच्या कप्प्यात बरोबरचं चिन्ह देऊन सूत्र लिहिलं की तिथे सूत्रच साठतं, आणि ज्या कप्प्यांवर ते अवलंबून आहे ते बदलले की उत्तर नव्याने निघतं. 30 हे एक्सेलचं बरोबर उत्तर आहे. शाळेने जे नीट शिकवलं तेच मुलांनी नीट लक्षात ठेवलं होतं आणि पायथॉनला लावलं होतं. बेमन-मायर यांच्या निबंधात एक्सेल असणं शक्यच नव्हतं, ते 1985 मध्ये आलं. हा दुवा वर्गातच सापडू शकत होता आणि वर्गातच सापडला.

त्यानंतरचे दोन तास मी पाहिलेल्या सगळ्या संगणक तासांमध्ये सरस होते. बाईंनी शेजारशेजारच्या दोन यंत्रांवर तोच हिशोब मांडला, एकावर एक्सेल, दुसऱ्यावर पायथॉन. भाडं बदलण्याआधी मुलांनी दोन्ही यंत्रांचं उत्तर लिहून द्यायचं. पायथॉनसाठी थॉनी वापरलं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी बनवलेलं हे मोफत साधन जुन्या यंत्रांवरही चालतं, पेन ड्राइव्हवरून टाकता येतं, आणि एकेक ओळ थांबत-थांबत चालवताना बाजूच्या चौकटीत प्रत्येक नावासमोर आत्ता कोणता आकडा आहे ते दाखवतं. चौथी ओळ चालली. 'भाडे'समोरचा 5 जाऊन 10 आला. 'एकूण'समोर 15 तसाच. "हललं नाही!" मागून आवाज आला. पूर्ण वर्ग त्या चौकटीकडे बघत होता.

45 चा ढीग मात्र यानेही सुटला नाही. त्याचं मूळ बाईंच्या एका उदाहरणात निघालं. 'भाडे', 'एकूण' अशा नावांना व्हेरिएबल म्हणतात. व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात आकडा ठेवायचा, असं जवळपास सगळेच शिकवतात. डब्यात आधी 15 ठेवले, मग 30 ठेवले, तर आत दोन्ही असणार, हा मुलांचा तर्क बिनचूक आहे. बेनेडिक्ट ड्यू बूले यांनी 1986 च्या लेखात या डब्याच्या उपमेतून नेमका हाच गैरसमज होतो असं नोंदवलं आहे. बाईंनी डबा सोडला आणि पाटी घेतली. नवीन लिहायचं तर जुनं पुसावं लागतं. तीन मुलांच्या हातात तीन पाट्या देऊन त्यांना 'भाडे', 'प्रवासी', 'एकूण' केलं आणि वर्गाने एकेक ओळ वाचायची. 'एकूण' झालेला मुलगा चौथ्या ओळीला आपली पाटी पुसायला निघाला, तर सगळा वर्ग ओरडला, "तुला कुणी बोलावलं?"

जिथे संशोधन पुरलं नाही

सायामिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी 2017 मध्ये स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं साधन, वापरणाऱ्या मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी स्क्रॅच आपल्या देशाच्या भाषेत वापरलं, त्यांनी नव्या संकल्पना त्याच देशातल्या इंग्रजीत वापरणाऱ्यांपेक्षा लवकर उचलल्या, असं त्यांना दिसलं. हे वाचून आम्ही देवनागरी नावांवर भर दिला. 2008 मध्ये आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं. आदेश मात्र इंग्रजीच राहतात, म्हणजे 'प्रिंट' रोमन अक्षरांतच टाइप करावं लागतं. एवढंच काय, कळफलकावरून देवनागरी अंकांत दिलेली संख्याही पायथॉन पूर्णांकात बदलून घेतो.

कागदावर हे उत्तम चाललं. यंत्रावर नाही. लॅबमध्ये देवनागरी टाइप करायचा युनिकोड कळफलक कुणी बसवलेलाच नव्हता. तो बसवल्यावर मुलांना 'प्रवासी' टाइप करायला इतका वेळ लागायचा की तास तिथेच संपे. शिवाय एक जण 'भाडे' लिहायचा, शेजारचा बोलतो तसं 'भाडं', आणि पायथॉनच्या लेखी ती दोन वेगळी नावं. मग रोमन अक्षरांत मराठी नावं घेतली, तर 'भाडे'मध्ये कुणी एक 'ए' (a) लिहिला, कुणी दोन. पहिल्या ओळीत एक आणि तिसऱ्या ओळीत दोन आले की यंत्र सांगणार, हे नाव माहीत नाही. इंग्रजी नावांचं स्पेलिंग मुलांना निदान पुस्तकातून एकच मिळतं. रोमन मराठीला ठरलेलं स्पेलिंगच नाही, आणि आपली मुलं फोनवर दिवसभर तीच लिहितात. शेवटी बाईंनी तोडगा काढला. चिठ्ठी आणि फळा देवनागरीत, यंत्रावर एक-दोन अक्षरांची रोमन नावं, आणि कोणतं अक्षर कशासाठी हे फळ्याच्या कोपऱ्यात. या गोष्टीवर मुंबईतल्या मराठी वर्गांत बसून कुणीतरी नीट अभ्यास करायला हवा, असं मला मनापासून वाटतं. स्क्रॅचमध्ये ठोकळे ओढायचे असतात, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरी अडचण दिवाळीनंतर आली. मोजणीसाठी "क = क + 1" ही ओळ आली आणि वर्गाने ती मानायलाच नकार दिला. एक मुलगा म्हणाला, "गणिताचे सर म्हणाले होते, याला उत्तरच नाही." तो बरोबर होता. बाई शिक्षक खोलीत गणिताच्या सरांशी बोलल्या. सर म्हणाले, माझ्या पेपरात असं कुणी लिहिलं तर मी काटच मारणार, पण तुमच्याकडे त्या चिन्हाचं काम वेगळं आहे हे मी वर्गात सांगतो. आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या तासाची दहा मिनिटं त्यांनी यासाठी दिली, ही शाळेच्या दिनक्रमात किती मोठी गोष्ट आहे हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको. बाईंच्या तासाला मुलं ती ओळ "क बरोबर" अशी वाचायची थांबली. आता "क अधिक 1 काढ आणि क मध्ये ठेव" असं उजवीकडून वाचतात.

काय म्हणता येतं

वर्षअखेरीस वेगळ्या नावांनी तोच प्रश्न दिला: पहिला = 4, दुसरा = पहिला, पहिला = 7, आता दुसरा किती? बहुतेकांनी 4 लिहिलं. तरीही 7 लिहिणारे होते आणि त्यांतले काही पूर्वी 15 बरोबर सांगणारे असावेत असं बाईंना वाटतं. चिठ्ठ्यांवर नावं नसल्यामुळे ते तपासता येत नाही. मुलं मोकळेपणाने लिहितात हा निनावी चिठ्ठीचा फायदा, आणि एकेका मुलाचा माग लागत नाही ही तिची किंमत. बाईंनी दुसऱ्या तुकडीलाही तसंच शिकवलं. एका तुकडीला मुद्दाम जुन्या पद्धतीने शिकवून तुलना करायला त्या तयार नव्हत्या आणि मला ते योग्यच वाटतं. म्हणून या वर्गावरून पद्धत सिद्ध झाली असं मी कुठेही म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या त्या शाळांत सलग आठ ते बारा आठवडे धडे झाले होते. इथे दोन तासांच्या मध्ये कधी महिना गेला.

पण संशोधन आणि वर्ग यांच्यात दरी का आहे, यावर या प्रकरणातून मला ठाम काहीतरी सांगायचं आहे. निबंध मिळत नाहीत हे कारण आता अपुरं आहे. 1983 चा तो निबंध ज्या संस्थेच्या मासिकात आला, त्या असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरीने 1951 ते 2000 पर्यंतचं सगळं साहित्य एप्रिल 2022 मध्ये मोफत खुलं केलं. मुंबईत संशोधकांचीही वानवा नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 पासूनचं. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांची वाट कशी अडवते, याचा विचार या केंद्राने सुरुवातीच्या काळात महापालिकेच्या मराठी शाळांमधल्या मुलांबरोबर केला होता. पवईला आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानावर संशोधन चालतं. बाईंची शाळा या दोन्ही ठिकाणांपासून लोकलने फार दूर नाही.

अडतं ते दुसऱ्याच जागी. आम्ही गटात आणत होतो ती सारांशाची दोन पानं निष्कर्षांची असायची: अमुक पद्धत चांगली, तमुक पद्धत बरी. अशा पानावर शिक्षक मान डोलावतो आणि सोमवारी फळ्यावर पुन्हा प्रोग्राम लिहितो, कारण त्या पानावर त्याच्या वर्गातलं कुणीच नसतं. बाईंना उपयोगी पडली ती निबंधांतली मुलांची चुकलेली उत्तरं. ती वाचताना त्यांना आपल्या चिठ्ठ्या दिसल्या. म्हणून गटाची दोन पानं मी आता वेगळी लिहितो. आधी प्रश्न, मग त्या अभ्यासातल्या मुलांनी दिलेली उत्तरं आणि त्यामागच्या समजुती, मग आपल्या वर्गात विचारायला तोच प्रश्न मराठीत. निष्कर्ष शेवटी, दोन ओळींत.

दुसरं वेळेचं. चिठ्ठ्यांचे ढीग लावायला संध्याकाळ लागते आणि शाळेच्या वेळापत्रकात त्या संध्याकाळीला रकाना नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांत व्याख्यानं असतात. त्यातला एक दुपारचा वेळ शिक्षकांना आपापल्या वर्गाच्या चिठ्ठ्या आणून एकत्र लावायला दिला, तर त्यातून संशोधकांनाही वाचण्यासारखं काही मिळेल. मुख्याध्यापकांनी या वर्षी घटक चाचणीत "उत्तर ओळखा" धर्तीचे दोन प्रश्न घालायला मंजुरी दिली. पालकांनी वहीत प्रोग्राम कमी का, असं विचारलं तेव्हा तेच प्रश्न त्यांना दाखवता आले.

ही मुलं आता दहावीत जातील आणि या शाळेत दहावीला संगणकाचा तास नाही. त्यांच्या डोक्यात 15 टिकला की नाही हे आम्हाला कळणार नाही. बाई जूनमध्ये आठवीपासून सुरुवात करणार आहेत. गुणपत्रिकेचं एक्सेल तेच राहील, पण सूत्र लिहिण्याआधी चिठ्ठी असेल आणि तिच्यावरचा प्रश्न आम्ही मिळून ठरवला आहे: विज्ञानाचे गुण खोडून नवे लिहिले, तर बेरजेच्या कप्प्याला ते कसं कळेल?